चार इंचांचा ढाळ

पाऊस गेला. आता वर बघा.

जून उजाडल्यावर वर बघून काही हाती लागत नाही, तेव्हा आपण बादल्या शोधत असतो. मे महिन्यात बघावं तर फॅब्रिकेटर फोन उचलत नाही, कारण अख्ख्या तालुक्याला त्याची आठवण त्याच पंधरवड्यात झालेली असते. आत्ता दिवाळीची झाडलोट चालली आहे, हातात लांब दांड्याचा झाडू आहे, मान वर आहे. मागच्या वाढीव खोलीच्या कोपऱ्यातला तो चहाच्या रंगाचा ओघळ दिसतोय ना? सुटलेले पोपडे? विजेच्या बोर्डावरून उतरलेली काळपट रेघ? तिथे झाडू फिरवून पुढे जाऊ नका. आणि रंगाऱ्याला तर मुळीच बोलावू नका. ओलीवर मारलेला रंग पुढच्या आषाढात पोपड्यासकट खाली येतो.

गेली दोन वर्षं माझी नजर छपरांवरच जाते. एसटीच्या खिडकीतून मी मागच्या पडव्या बघते. कौलारू घर, त्याला मागून चिकटवलेली एक खोली, तिच्यावर जवळजवळ आडवा निजलेला निळा पत्रा, पत्र्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर जुने टायर. रत्नागिरी ते राजापूर या रस्त्यावर अशी छपरं मोजायला घेतली आणि अर्ध्या वाटेत मोजणं सोडून दिलं. त्यातल्या प्रत्येक छपरासाठी कुणीतरी पूर्ण पैसे मोजले आहेत.

आम्हीही मोजले होते.

सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. न्हाणीघर अंगणापलीकडे, रात्री चार पायऱ्या उतरून जायचं त्यांना जमेना. म्हणून मागच्या भिंतीला लागून २० फूट लांब, १२ फूट रुंद खोली काढायची आणि तिच्यातच एका अंगाला संडास-न्हाणी घ्यायची असं ठरलं. काम एका ठेकेदाराशी सव्वादोन लाखांत ठरलं. कागद झाला नाही. कॅलेंडरच्या पानामागे आकडे लिहिले, चहा झाला, दुसऱ्या दिवशी चिरे येऊन पडले. फेब्रुवारीत खोली उभी राहिली. फरशी छान, रंग छान, खिडकीतून पोफळी दिसतात. सासूबाईंनी गणपतीचा फोटो स्वतःच्या हाताने लावला.

मृगाच्या तिसऱ्या दिवशी भिंतीलगत पहिला थेंब पडला. आर्द्रा लागली तोवर तीन जागा झाल्या होत्या. सासूबाईंचा पलंग आम्ही तीनदा हलवला. "पलंग सरकव गो जरा," अशी रात्री हाक यायची, तीही दबक्या आवाजात, जणू गळती त्यांनीच केली होती. जिच्यासाठी खोली बांधली तिलाच त्या खोलीची लाज वाटावी, हे मला आजही सहन होत नाही.

मग एका सकाळी बोर्डाच्या खालच्या कडेला पाण्याचा मणी लोंबताना दिसला. आत विजेची तार, बाहेर पाणी, आणि बटणाकडे हात नेणारं माणूस पंच्याहत्तरीचं, ओल्या फरशीवर अनवाणी. त्या क्षणी खोलीचा मेन पाडला तो दसऱ्यापर्यंत वर केला नाही. पावसाळाभर त्या खोलीत कंदील होता. गळक्या छपराला लोक किरकोळ कटकट समजतात. त्यांनी तो मणी बघायला हवा होता.

ठेकेदाराला फोन केला. तो आला. चार वेळा आला, हे सांगायलाच हवं, कारण अनेक जण एकदाही येत नाहीत. पण चारही वेळा त्याच्या हातात काहीतरी चिकट होतं. पहिल्यांदा पांढरं केमिकल, तेही ओल्या पत्र्यावर ब्रशने फासलेलं. डब्यावरच छापलेलं असतं की जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. दहा दिवसांत त्याची साल निघाली. मग सांध्यांत एम-सील. मग डांबर आणि गोणपाट. मग सिलिकॉनची नळी. दर वेळी एक थेंब थांबायचा आणि दोन हात पलीकडे दुसरा सुरू व्हायचा. शेवटच्या खेपेला शिडीवरून उतरता उतरता तो म्हणाला, "मॅडम, पावसाळ्यात थोडंफार गळणारच."

हे वाक्य मी माफ केलेलं नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे छप्पर बांधायचं ते त्या पावसासाठीच. त्याच आवारात, त्याच पावसात आमचं मूळ घर उभं आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, मंगळोरी कौलांचं. त्याच्या माजघरात त्या चार महिन्यांत एक थेंब आला नाही. दोन छपरांत अंतर एका भिंतीचं. मग गळतं ते पावसामुळे कसं?

उत्तर ऑगस्टमध्ये मिळालं. वाडीतले सुतारकाका नारळ मागायला आले होते. त्यांनी केमिकलकडे, डांबराकडे बघितलंसुद्धा नाही. बागेला पाणी घालायची पारदर्शक नळी मागितली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक मला भिंतीपाशी धरायला लावलं आणि दुसरं घेऊन ते बाहेरच्या कडेला गेले. याला गवंडी पाणसळ म्हणतात. नळी कितीही वाकडीतिकडी असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं. त्या पातळीपासून पत्रा इकडे किती वर, तिकडे किती खाली, ते टेपने मोजायचं. मोजलं. १२ फुटांत पत्रा ४ इंच उतरत होता.

"ह्याने ढाळ दिलानच नाय, वैनी," काका म्हणाले. "पाट मांडलान."

१२ फुटांना ४ इंच म्हणजे ३६ ला १. अंशांत सांगायचं तर दीडच्या जरासं वर. पन्हळी पत्र्याला, त्यातही मध्ये जोड असेल तर, १० अंशांच्या आसपास ढाळ लागतो. १२ फुटांना साधारण २५ इंच. आमच्या छपराचे २१ इंच गायब होते. एवढी मोठी गोष्ट कुणाला दिसली नाही, कारण खालून बघताना सपाट छप्पर नीटनेटकं दिसतं. आम्हालाही ते आवडलं होतं.

ढाळ कमी असला की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथेच होते. तीव्र उतारावर पाणी पळतं. दोन पत्र्यांचा सांधा ओलांडताना त्याला आत शिरायला फुरसत नसते. आडव्या पत्र्यावर तेच पाणी रेंगाळतं, पन्हळीत साचत जातं, साचता साचता सांध्याच्या उंचीला येतं. त्यात वाऱ्याची झड आली की पाणी उताराच्या उलट दिशेला ढकललं जातं, वरच्या पत्र्याच्या पोटाखाली. आणि वारा नसला तरी दोन पत्र्यांच्या चिंचोळ्या फटीत पाणी आपोआप चढतं, जशी कंदिलाच्या वातीत तेलाची ओल चढते. ही चढण केमिकलने थांबत नाही. सांधा वरून बंद केला तर आत शिरलेलं पाणी तिथेच अडकून पत्रा गंजवतं.

आता पाण्याचा हिशोब. हा हिशोब मी त्या रात्री जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर केला आणि मला झोप आली नाही.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्या खोलीचं छप्पर २४० चौरस फूट, म्हणजे २२ चौरस मीटरच्या थोडं वर. ठेकेदाराने, धरला असलाच तर, एवढाच आकडा धरला असेल. पण खोलीचा पत्रा मूळ घराच्या वळचणीखाली सरकवलेला. म्हणजे कौलांच्या मागच्या पाख्याच्या सगळ्या पागोळ्या याच पत्र्यावर. पाख्याचा तेवढा भाग २० फूट बाय १५ फूट, सुमारे २८ चौरस मीटर. दोन्ही मिळून ५० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटरची सर आली, आणि कोकणात ती येते, तर तासात २,५०० लिटर पाणी. २०० लिटरची साडेबारा पिंपं. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस ही सर्वांत वरची पायरी. तसा एक दिवस उगवला की आमच्या खोलीवर दहा हजार लिटरच्या वर, म्हणजे अख्खा टँकर ओतला जाणार. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा दुसऱ्या छपरावरून आलेला.

आणि हे सगळं वाहून न्यायला दिलेला ढाळ: चार इंच.

इथे आमची चूकही सांगते. उंची आम्हीच मागितली होती. खोली कोंदट नको, पंखा उंच हवा, बाहेरची भिंतही उंच हवी. पण उंची हवी असेल तर ढाळ जातो, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? गिऱ्हाईक फरशी मागतं, रंग मागतं, खिडकी मोठी मागतं. ढाळ कुणीच मागत नाही. तो ज्याला कळतो त्याला आपण मजुरी देतो ती त्यासाठीच. "ताई, वळचण साडेनऊ फुटांवर आहे, बाहेरची भिंत साडेसातच्या वर नेता येणार नाही," एवढं एक वाक्य बोलायला त्याचं काय गेलं असतं?

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात, पत्रा काढण्याआधी आम्ही नळीने पाणी मारून बघितलं. ही परीक्षा प्रत्येकाने करावी, फुकट आहे. एक माणूस वर, एक खाली बॅटरी घेऊन. सुरुवात सर्वांत खालच्या कडेपासून करायची आणि हळूहळू वर जायचं, एका जागी निदान १५-२० मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर सगळं छप्पर भिजतं आणि गळतं कुठून ते कळत नाही. खाली थेंब जिथे पडतो त्याच्या थेट वर भोक असेल असंही धरू नका. आमचा पलंगावरचा थेंब पाच फूट दूर शिरत होता. पत्र्याच्या पोटाला लागून पाणी पर्लिनपर्यंत, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पाइपपर्यंत यायचं, त्याच्या खालच्या अंगाने मुंगीसारखं सरकत जायचं आणि वेल्डिंगचा एक थेंब गोठून राहिला होता तिथे येऊन टपकायचं. मी स्टुलावर उभी राहून तो प्रवास डोळ्यांनी पाहिला. पलंगावर पडणाऱ्या त्या एका थेंबाच्या वर आम्ही चार महिने डांबर थापत होतो.

(पहाटे थंडीत पत्र्याच्या खालच्या बाजूला सगळीकडे सारखं दव धरलेलं दिसलं तर ती गळती नाही. ती आतल्या हवेतली वाफ. तिला वारा खेळायला जागा द्यावी लागते, त्यासाठी छप्पर खोलायचं कारण नाही.)

नोव्हेंबरात पत्रा उघडला. शेजारच्या गावातला एक तरुण फॅब्रिकेटर आणि सुतारकाका वर, मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर. जे निघालं ते असं.

छपराच्या उतारात पत्रा अखंड नव्हताच. १० फुटांचा एक आणि ४ फुटांचा एक तुकडा जोडला होता. ते तुकडे कुठल्या तरी दुसऱ्या कामावरून उरलेले असावेत, कारण चार फुटी तुकड्यांना आधीचीच भोकं होती आणि ती पुट्टीने बुजवून वर निळा रंग मारला होता. दोन तुकडे एकमेकांवर जेमतेम चार बोटं. चढ असलेल्या छपरालासुद्धा तिथे ६ इंच लागतात. आडव्या छपरात मधे जोड घेणं म्हणजे पाण्याला दार उघडून देणं.

बाजूचे सांधे उलटे. कोकणात पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. आमच्या छपराची लांबी दक्षिणोत्तर. पत्रे लावायला उत्तरेकडून सुरुवात करायची, म्हणजे दक्षिणेकडचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर बसतो आणि सांध्याचं तोंड वाऱ्याच्या आडोशाला जातं. इथे सुरुवात दक्षिणेकडून झालेली. का? मला आठवलं, टेम्पो त्या बाजूला उभा होता.

स्क्रू पन्हळीच्या खोलगट भागात. नागमोडी पत्र्याला स्क्रू उंचवट्यावर मारायचा असतो, कारण पाणी खोलगटातून वाहतं. इथे प्रत्येक स्क्रू पाण्यात उभा. त्यातही मशीन इतकं दाबून चालवलेलं की रबरी वॉशर चेपून फाटलेले. हाताला लावताच एक वॉशर कौलाच्या कपरीसारखा तुटला.

आणि शेवटी भिंतीचा सांधा, जिथून सासूबाईंच्या उशाशी पाणी यायचं. पत्रा भिंतीला टेकवून वरून सिमेंटचा गोला मारलेला. पत्रा उन्हात तापतो, रात्री निवतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर १४ फुटी पत्रा साधारण २ मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. सिमेंट हलत नाही. फेब्रुवारीत मारलेला गोला मेअखेर पत्र्यापासून सुटलेलाच असणार, आणि फट झाकण्यासाठी आत काय कोंबलं होतं? सिमेंटची रिकामी पिशवी. सुतारकाकांनी ती ओढून काढली तेव्हा तिच्यातून पाणी ठिबकलं. पाऊस जाऊन महिना झाला होता. चिऱ्याची भिंत ते पाणी महिनाभर पीत होती.

ती पिशवी मी जपून ठेवली आहे. पुढच्या वेळी कुणी "थोडंफार गळणारच" म्हणालं तर त्याच्या हातात देणार आहे.

तरुण फॅब्रिकेटरने पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हाच माझा जीव खाली बसला. तो म्हणाला, "आधी पन्हळ, मग पत्रा." मूळ घराच्या वळचणीखाली २० फूट लांब पन्हळ बसवली, तिला एका टोकाकडे दीड इंचाचा उतार, तिथून ४ इंची पाइप थेट वहाळाकडे. कौलांचं पाणी खोलीच्या डोक्यावर येणंच बंद. ५० चौरस मीटरचे २२ झाले, अजून पत्र्याला हातही लागला नव्हता.

मग ढाळ. वरचं टोक साडेनऊ फुटांवर, तिथे वळचण आडवी येते, म्हणून वर जायला वाव नाही. बाहेरची भिंत उतरवायची. खिडकीचं लिंटल ७ फुटांवर, त्याच्या वर ६ इंच ठेवून बाकीचे २० इंच चिरे काढले. वरून खाली २ फुटांचा उतार मिळाला, ६ ला १, साधारण साडेनऊ अंश. दहा पूर्ण झाले नाहीत. म्हणून मधला जोडच काढून टाकला: १४ फुटी अखंड पत्रे, बाहेर दीड फूट पुढे आलेले. खोली एका बाजूने बुटकी झाली. पंखा वरच्या बाजूला सरकवला. सासूबाई म्हणाल्या, "पूर्वीच्या पडवीसारखी दिसते." मला ती आता पहिल्यापेक्षा सुंदर दिसते.

बाजूचे सांधे दीड पन्हळीचे, आत ब्युटाइलची पट्टी, तोंड आडोशाला. स्क्रू उंचवट्यावर, वॉशर फुगेपर्यंत न आवळता. भिंतीच्या सांध्यावर मात्र त्या पोराने अख्खा दिवस घातला. चिऱ्यांमधली एक दरज इंचभर खोल कोरली, झाडून कोरडी केली, वाकवलेल्या पत्र्याची पट्टी तिच्यात खोचली, दरज सीलंटने भरली. पट्टी भिंतीवरून ६ इंच खाली येते आणि पत्र्यावर ६ इंच पसरते, पण पत्र्याला जखडलेली नाही. खालचा पत्रा तापू दे, आखडू दे, पट्टी वरून नुसती छत्री धरते.

दुरुस्तीला ७८,००० रुपये लागले. बांधतानाच हे सगळं केलं असतं तर फार तर दहा-बारा हजार जास्त गेले असते, हा त्या पोराचाच अंदाज. जुने पत्रे लाकडांच्या खोपीवर टाकले. भोकं पडलेला पत्रा माणसांच्या डोक्यावर पुन्हा घालू नये. आणि तुमच्या छपरावर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो कापू नका, भोकं पाडू नका. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते.

पोर खाली उतरला तेव्हा मी मूळ घराच्या कौलांकडे बघत होते. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौलाला रबर नाही, सीलंट नाही, दोन कौलांमध्ये फट राहते. तरी माजघर कोरडं. वासे-रिपांना दिलेला खडा चढ, पुढे आलेली वळचण, आणि दर वैशाखात होणारी शाकारणी, एवढ्यावर ते छप्पर उभं आहे. ज्या गवंड्यांनी ते केलं त्यांनी पाण्याला कधी अडवलं नाही. त्याच गावातला, त्यांच्याच नातवंडांच्या वयाचा माणूस १२ फुटांना ४ इंच देतो आणि हातात सिलिकॉन घेऊन शिडी चढतो. हे ज्ञान हरवलं कुठे, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आमच्या तालुक्यात पत्रा कापायला शिकलेली मुलं शेकड्यांनी आहेत. पाणसळ धरायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि ती तर साध्या नळीत मावते.

आता पैशांचं. ठेकेदाराने एक रुपया परत दिला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. बिल्डरकडून घेतलेल्या घराला महारेराचा आधार आहे, ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण आपण स्वतः गवंडी लावून काढलेल्या खोलीला तो लागू नाही. आम्ही आयोगाकडे गेलो का? नाही. आमच्याकडे कॅलेंडरचं पान होतं. त्यावर एकूण रक्कम होती, बाकी काही नव्हतं. ढाळ किती, पत्रा किती जाड, जोड किती, यातलं एक अक्षर नाही. चार इंचांऐवजी पंचवीस द्यायचे ठरले होते असं कशाच्या आधारावर म्हणणार? एवढ्यावर ती तक्रार मला टिकण्यासारखी वाटली नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. खोली काढताय तर एक कागद करा, हाताने लिहिलेला चालेल. छपराचं वरचं टोक किती फुटांवर आणि खालचं किती, हे दोन आकडे त्यात इंचांसकट लिहा. पत्रा अखंड की जोडाचा. भिंतीच्या सांध्याला पट्टी दरजेत खोचणार की सिमेंट थापणार. वरच्या छपराचं पाणी कुठे जाणार. आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा. जो चांगलं काम करतो तो ही अट मान्य करतो, त्या पोराने केली, उलट म्हणाला, "ताई, आर्द्रा झाली की फोन करा, मी येऊन बघेन." जो या अटीवर चिडतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

छप्पर आधीच गळत असेल तर डबा विकत घेण्याआधी नळी घ्या. ढाळ मोजा. पुरेसा असेल तर सांधा, वॉशर, पट्टी दुरुस्त होईल, थोडक्यात भागेल. ढाळच नसेल तर वरून काही फासून पैसे घालवू नका. पत्रा उतरवावा लागेल. हे ऐकायला कठीण आहे, मला माहीत आहे. पण काम करायला हेच दिवस आहेत. ऊन कोरडं आहे, भिंतीतली ओल निघून जायला मार्चपर्यंत वेळ आहे, माणसं मोकळी आहेत.

यंदा मृग वेळेवर आला. पहिल्याच रात्री दणकून कोसळला. अडीच वाजता मला जाग आली, सवयीने. बॅटरी घेतली, मागच्या खोलीत गेले. सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या, भिंतीच्या सांध्याकडे बघत. पत्र्यावर आवाज इतका की बोललेलं ऐकू येईना. बाहेर पन्हळीतून पाइपात पाणी घुसत होतं. मी भिंतीवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. एका स्क्रूपाशी तेवढा ओलसर ठिपका होता. आर्द्रेत तो पोर आला आणि वॉशर बदलून गेला. त्या रात्री बाकी हात कोरडा राहिला.

बादली मात्र त्यांनी जून-जुलैभर पलंगाखाली ठेवली होती. मी काही बोलले नाही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी फरशी पुसत होते तेव्हा त्याच म्हणाल्या, "ती बादली ने गो न्हाणीत. उगाच पायात येते."